शेजाऱ्याच्या अंगणातला बुरूज

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे काही दिवस पडद्यासमोर बसायला बंदी होती. बंदी उठल्यावर मी पहिलं काय केलं असेल? वर्तमानपत्र नाही वाचलं, ईमेल नाही बघितली. खेळ खेळलो! कॉम्प्युटरवरचा. हसा. सौ.सुद्धा हसली.

पण आज विनोदी लिहायचं नाहीये. आज मला भांडायचंय. माझ्या मुलाशी, माझ्या धाकट्या मेव्हण्यांशी आणि २००४ सालच्या माझ्याशी. पहिले दोघं हे वाचतील याची खात्री आहे. तिसरा वेळेवर वाचू शकला असता तर बरं झालं असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. 'एज ऑफ एम्पायर्स' नावाचा एक खेळ आहे. पहिला भाग १९९७ चा, दुसरा १९९९ चा, आणि या दुसऱ्या भागाने आपल्याकडच्या सायबर कॅफेंमधली पोरं अक्षरशः वेडी केली होती. सुरुवातीला तुम्हाला एक टाऊन सेंटर मिळतं, म्हणजे गावचा वाडा म्हणा, आणि थोडे गडी. (पोरं 'व्हिलेजर' म्हणतात, मी गडी म्हणतो.) गडी लाकूड तोडतात, शेती करतात, सोनं आणि दगड खणतात. त्यातून घरं, बराकी, तटबंदी, बुरूज, पुढे किल्ले. समोर दुसरा माणूस तेच करत असतो. मग लढाई. बुरुजाला खेळात 'वॉच टॉवर' म्हणतात. तो बांधायला १२५ दगड लागतात, आणि सुरुवातीला तुमच्या गाठीशी २०० दगड असतात. म्हणजे एक बुरूज होतो, आणि पुढचा हवा असेल तर खाणीवर गडी लावावे लागतात. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

तर २००४ ची मे महिन्याची सुट्टी. माझी बहीण आणि तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, आमच्याकडे महिनाभर राहायला आले होते. भाचा बारा वर्षांचा, माझा मुलगा पंधरा. दोघं रोज दुपारी कोपऱ्यावरच्या कॅफेत जायचे आणि शेजारशेजारच्या दोन मशीनवर बसून एकमेकांशी लढायचे. मुलगा जिंकायचा, भाचा हरायचा. मोठा-लहान म्हटल्यावर ते ओघानेच आलं. हरणाऱ्याने दोघांचे पैसे द्यायचे असं ठरलेलं होतं, हे मला नंतर कळलं.

एक दिवस मुलगा लालबुंद होऊन घरी आला. मागून भाचा. तक्रार अशी : "बाबा, याने चीटिंग केली. स्वतःच्या गावात बांधायचा टॉवर माझ्या गावात आणून बांधला. माझ्या लाकूडतोड्यांच्या शेजारी! टॉवर काय असतो? डिफेन्सचा असतो ना?"

मी तेव्हा इतिहास शिकवत होतो. बुरूज म्हटल्यावर माझी कळी खुलली. मी खेळ बघितलेला नव्हता, बघावासा वाटलाही नव्हता. पण मास्तर माणूस, निकाल द्यायला बघायची काय गरज? मी म्हणालो, "बुरूज हा रक्षणासाठी असतो. दुसऱ्याच्या दारात बुरूज बांधणं म्हणजे लबाडीच." आणि भाच्याला मुलाची माफी मागायला लावली. वर कॅफेचे पैसे त्याच्याच खाऊच्या पैशांतून द्यायला लावले.

तो एवढंच म्हणाला, "मामा, पण दगड माझेच होते ना?"

मी म्हणालो, "उलट बोलू नकोस."

बहीण स्वयंपाकघरात होती, ती काही बोलली नाही. भावाच्या घरी राहायला आलेली बहीण काय बोलणार? त्यानंतर उरलेली सुट्टी भाचा कॅफेत गेला नाही. गॅलरीत बसून पुस्तकं वाचायचा. मी तर खूश होतो, चला, पोरगं वाचायला लागलं!

या दिवाळीला भाचा सहकुटुंब आला होता. त्याची मुलगी सात वर्षांची. बापलेक लॅपटॉपवर तोच खेळ खेळत होते (२०१९ साली त्याची नवी आवृत्ती निघाली आहे, चित्रं फारच सुंदर). माझा मुलगा मागून डोकावला आणि हसत म्हणाला, "अजून टॉवर घेऊन दुसऱ्याच्या घरात घुसतोस का रे?" मेव्हणे बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना प्रत्येक गोष्टीत नियम दिसतो. त्यांनी काय भानगड आहे ते समजून घेतलं आणि जाहीर केलं, "मग लबाडीच ती. ज्या वस्तूचं जे काम, तेच तिने करावं." मुलगा म्हणाला, "बघा, बाबांनी तेव्हाच निकाल दिला होता." भाचा हसला. पण त्याचं ते हसू मला काही बरं वाटलं नाही.

म्हणून ठरवलं, एकदा बघूच. भाच्याने जाण्यापूर्वी माझ्या मशीनवर जुनाच, १९९९ चा खेळ चढवून दिला, कारण नवा माझ्या डब्याला झेपत नाही. आता डोळ्याचं ऑपरेशन धरून तीनेक महिने झाले. मी कॉम्प्युटरविरुद्ध खेळतो, सगळ्यात सोप्या पातळीवर, आणि बहुतेक वेळा हरतो. पण बुरुजाचा अभ्यास मात्र मी मन लावून केलाय. आणि माझं ठाम मत झालंय की मुलगा चूक, मेव्हणे चूक, आणि सगळ्यात जास्त चूक मी.

कसा ते सांगतो.

या खेळातला बुरूज आपल्या मनातल्या बुरुजासारखा वागतच नाही. पहिल्याच दिवशी मला धक्का बसला. माझा बुरूज नुकताच उभा राहिला होता. शत्रूचे चार सैनिक आले, थेट त्याच्या पायथ्याशी उभे राहिले आणि तलवारीने बुरूज तोडायला लागले. माझा बुरूज गप्प! लांबच्या माणसाला बाण मारतो आणि पायाशी उभ्या असलेल्याला काही करत नाही. मला वाटलं मशीन बिघडलं. भाच्याला फोन केला तर म्हणाला, "मामा, तसंच आहे ते. बुरुजाला अगदी जवळचं मारता येत नाही. पुढे युनिव्हर्सिटी बांधून 'मर्डर होल्स' नावाची सुधारणा विकत घेतली की मारता येतं."

फोन ठेवल्यावर मला स्वतःचंच हसू आलं. तेहेतीस वर्षं पोरांना किल्ले दाखवत फिरलो! जंग्या तिरक्या का असतात, बुरूज तटाच्या बाहेर पोट काढून का उभा असतो, हे तोंडपाठ सांगायचो. वर उभ्या असलेल्या माणसाला भिंतीच्या बुडाशी चिकटलेला शत्रू दिसत नाही, म्हणून तर ही सगळी खटपट. युरोपात सोळाव्या शतकात गोल बुरूज सोडून कोनाकोनांचे बुरूज बांधायला लागले, त्यामागेही हेच एक मोठं कारण होतं. गोल बुरुजापुढे थोडी जागा अशी राहते की जिथे कुणाचाच मारा पोचत नाही. एका बुरुजाचा पायथा राखायला शेजारी दुसरा बुरूज लागतो. खेळातही अगदी तसंच करावं लागतं.

आणखी गंमत पाहा. बुरुजाचे बाण पळत्या माणसाला लागत नाहीत. बाण सुटताना माणूस जिथे होता तिथे बाण जातो, आणि तोपर्यंत माणूस पुढे गेलेला असतो. सरळ न पळता नागमोडी पळालं तर बुरुजाखालून सुखरूप जाता येतं. (यालाही 'बॅलिस्टिक्स' नावाची सुधारणा आहे. माझ्याकडे ती येईपर्यंत माझं गाव जळालेलं असतं.) गावचं टाऊन सेंटर तर रिकामं असेल तर एकही बाण सोडत नाही. गडी आत शिरले की मगच बाण. बुरूज मात्र रिकामा असला तरी एकटाच मारत राहतो, आणि आत गडी घातले की बाण वाढतात. टाऊन सेंटरचा पल्ला सुरुवातीला ६ चौकटी आणि बुरुजाचा ८. आता हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघा! टाऊन सेंटरच्या बाणांना पोचणार नाही इतक्या लांब बुरूज उभा केला, तरी बुरुजाचे बाण मात्र गावातल्या गड्यांपर्यंत पोचतात. बारा वर्षांच्या पोराने हेच बघितलं. बाकी काही नाही.

दरवाजाचं तर विचारूच नका. आपला माणूस जवळ आला की दरवाजा आपोआप उघडतो, आणि त्याच्या पाठोपाठ शत्रूचा घोडेस्वार आत! पहिल्या, १९९७ च्या खेळात तर भिंती होत्या आणि दरवाजे नव्हतेच. स्वतःच्या गावाला पूर्ण भिंत घातली की बाहेर पडायला स्वतःचीच भिंत पाडायची. मला तर हे फार आवडलं.

आता मुलाचं म्हणणं. तो म्हणतो, खेळ बनवणाऱ्यांच्या मनात असं नव्हतं. बुरूज गावाच्या रक्षणासाठीच दिलेला आहे, तो पुढे नेणं म्हणजे खेळातल्या फटीचा गैरफायदा.

यावर माझा त्याला एकच प्रश्न आहे, आणि तो मी दिवाळीत विचारू शकलो नाही कारण तेव्हा मला काही माहीतच नव्हतं. बाळा, बुरुजाच्या पायथ्याशी गडी नेऊन उभे करायचे आणि कुऱ्हाडी घालून बुरूज पाडायचा, ही युक्ती तूच त्या सुट्टीत भाच्यावर रोज वापरायचास ना? तूच मला परवा फोनवर मोठ्या अभिमानाने सांगितलंस. ते कौशल्य! तोही बुरुजाचा विचित्रपणाच की. बुरूज पायाशी मारत नाही याचा फायदा तू घेतलास तर हुशारी, आणि बुरूज लांबवर मारतो याचा फायदा त्याने घेतला तर लबाडी? हा नियम कुठल्या पुस्तकात आहे? मला वाटतं 'मोठ्याने जिंकावं' या नावाच्या पुस्तकात असावा.

आणि बनवणाऱ्यांच्या मनात नव्हतं म्हणणं तर धडधडीत चूक आहे. २००० साली या खेळाची पुरवणी आली, 'द कॉन्करर्स'. तीत कोरियन लोक आले आणि त्यांना बुरुजाच्या सुधारणा फुकट दिल्या, वर पुढच्या युगांत पल्लाही वाढवून दिला. बुरूज नुसता गावात मिरवायला असता तर एवढी मेहेरबानी कशाला केली असती?

हां, खरीखुरी फट कशी असते तेही सांगतो, म्हणजे मी एकांगी बोलतोय असं होणार नाही. १९९५ चा एक खेळ आहे, 'कमांड अँड कॉन्कर'. रणगाडे वगैरे असलेला. त्यात वाळूच्या गोण्यांची भिंत घालता येते, अगदी स्वस्तातली. तर झालं असं की कॉम्प्युटरच्या सैन्याला या गोण्या म्हणजे शत्रूची वस्तू आहे हे कळायचंच नाही. रणगाडा गोणीसमोर यायचा आणि उभाच राहायचा. लोकांनी काय केलं, आपल्या तळापासून गोण्या रचत रचत थेट शत्रूच्या तळापर्यंत गेले आणि त्याची वाट बुजवून टाकली. शत्रू आत, बाहेर वाळूच्या गोण्या, खेळ संपला! याला फट म्हणा, माझी ना नाही. समोरचा आंधळा आहे, आणि तुम्ही त्याच्या आंधळेपणावर जिंकलात.

पण माझा मुलगा आंधळा नव्हता. त्याच्या रानाशेजारी तीन गडी येऊन पाया घालत होते हे त्याला पडद्यावर दिसत होतं. अर्धवट बुरूज बाण मारत नाही. चार गडी पाठवून ते काम तिथेच मोडता आलं असतं. नाहीतर स्वतःच्या २०० दगडांतून समोर आपला बुरूज चढवता आला असता. त्याने यातलं काही केलं नाही, कारण भाचा असं काही करू शकेल हे त्याच्या मनातच आलं नाही. रोज हरणारा पोरगा तो!

मेव्हण्यांचा मुद्दा जरा निराळा. ज्या वस्तूचं जे काम तेच तिने करावं. ऐकायला फार छान वाटतं. पण वस्तूचं काम ठरवलं कुणी? तिच्या नावाने? खेळात घरंसुद्धा लोक ओळीने लावून त्यांची भिंत करतात. मेव्हणे, मग ती घरं पण लबाडच का? इंग्लंडचा राजा दुसरा विल्यम याने १०९५ साली बॅमबरोच्या किल्ल्याला वेढा घातला. किल्ला पडेना, तेव्हा त्याने समोरच दुसरी गढी उभी केली आणि तिला नाव दिलं 'मालव्होआझाँ', म्हणजे वाईट शेजारी. नाव कसं नेमकं! पुढे वेल्स जिंकताना पहिल्या एडवर्डने तेच केलं. कॉनवी, कार्नार्व्हन, हार्लेक, हे सगळे किल्ले दुसऱ्याच्या मुलखात जाऊन बांधलेले.

लांब कशाला जायचं? आपली खांदेरी घ्या. मुंबई बंदराच्या तोंडाशी, थळच्या समोर समुद्रातलं छोटं बेट. १६७९ साली महाराजांनी तिथे मायनाक भंडारीला पाठवून तट बांधायला घेतला. खांदेरीवर राखायला काय गाव होतं का? मुंबईच्या इंग्रजांच्या आणि जंजिऱ्याच्या सिद्दीच्या नाकासमोर बसायचं होतं. इंग्रजांनी निषेध केला, जहाजं पाठवली, लढाया झाल्या, तरी रात्री होड्यांतून सामान पोचत राहिलं आणि काम चालूच राहिलं. शेवटी १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी नाद सोडला. सिद्दी काय करतो? शेजारच्या उंदेरीवर जाऊन आपला तट बांधतो! बुरुजाला बुरूज. माझ्या मुलाने करायला हवं होतं ते. २०२५ साली युनेस्कोने आपल्या किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश केला, त्या बारांत खांदेरी आहे. आपण सगळ्यांनी पेढे खाल्ले. मेव्हण्यांनी तर सगळ्यांना निरोप पाठवले होते. त्यांना विचारावंसं वाटतं, महाराजांनाही माफी मागायला लावायची का?

इथे एक कबुली देतो. खांदेरी मी कित्येक वर्षं शिकवली. आणि त्याच वर्षांत, नववीच्या एका पेपरात 'किल्ल्यांचे उपयोग लिहा' या प्रश्नाला एका मुलाने 'शत्रूला त्रास देणे' असं उत्तर लिहिलं होतं. पाठ्यपुस्तकात संरक्षण, टेहळणी, धान्यसाठा एवढंच होतं. मी गुण कापला, आणि शिक्षक खोलीत ते उत्तर वाचून दाखवून सगळ्यांना हसवलं. तो मुलगा आता कुठे असतो माहीत नाही.

एक गोष्ट मात्र मी मुलाच्या बाजूने मान्य करतो. बुरूज घेऊन दुसऱ्याच्या गावात लवकर घुसलं की खेळ पटकन संपतो. समोरच्याचं गाव उभंच राहत नाही. किल्ला नाही, बाजार नाही, विद्यापीठ नाही, काहीच बघायला मिळत नाही. याहून टोकाची एक युक्ती लोकांनी काढलेली आहे, तीत स्वतःचं टाऊन सेंटर स्वतःच पाडायचं आणि नवं टाऊन सेंटर थेट शत्रूच्या दारात बांधायचं. पर्शियन लोकांचं टाऊन सेंटर दुप्पट मजबूत, म्हणून ते यात पुढे. भाच्याने मला हे करून दाखवलं तेव्हा मला घामच फुटला, स्वतःचं घर पाडणारा माणूस काय काय करेल! नवशिक्यावर असं चालून जाणं निर्दयपणा आहे, त्यात मजा नाही. पण निर्दयपणा वेगळा आणि लबाडी वेगळी. निर्दयपणाला माणसाने फार तर खेळायला नको म्हणावं. माफी मागायला लावायची नाही. आणि इथे तर निर्दय कोण होता? पंधरा वर्षांचा, महिनाभर रोज जिंकणारा, की बारा वर्षांचा, एकदा जिंकलेला?

खरं सांगायचं तर या सगळ्यात बुरुजाचा दोष सगळ्यात कमी. तो जसा बांधलाय तसा वागला, पायाशी मुका आणि लांबवर तिखट. त्याच्याकडून भलत्या अपेक्षा आम्ही केल्या. माझ्यापुरतं बोलायचं तर मी तेवढ्यावरही थांबलो नाही. फिर्यादी माझा मुलगा होता, आरोपी बहिणीचा. आरोपीचं म्हणणं एका वाक्यात होतं, 'दगड माझेच होते ना', आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. शाळेत कुणी असा निकाल दिला असता तर मी मुख्याध्यापकांकडे गेलो असतो.

तेव्हा मुला, तुझ्यापुरता तो निकाल मी आज रद्द करतोय. पुढच्या वेळी 'बाबांनी तेव्हाच सांगितलं होतं' असं म्हणायचं नाही. मेव्हण्यांना काय लिहायचं ते त्यांनी लिहावं, मी वाचेन.

हे सगळं लिहायच्या आधी काल रात्री भाच्याला फोन केला. म्हटलं, तुझी माफी मागायची आहे, आणि तुझे चाळीस रुपये द्यायचे आहेत, २००४ चे. तो खूप हसला. म्हणाला, "मामा, काय हो हे, मला आठवत पण नाही."

मी म्हटलं बरं.

थोडा वेळ इकडचं तिकडचं बोललो. त्याच्या मुलीला शाळेत नाटकात काम मिळालंय, माझ्या डोळ्याचं कसं काय, वगैरे. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "आणि मामा, चाळीस नाही. छत्तीस. माझ्याकडे तेवढेच होते, वरचे चार आईने दिले होते."